जाड कांचेची वाटोळी चकती

खिडकीचें तावदान फुटलें म्हणजे कारागीर येतो, नव्या कांचेवर पट्टी ठेवून हिरकणीची एक रेघ ओढतो, आणि दोन्ही हातांनीं किंचित् दाब देतांच कांच त्या रेघेवर सरळ दुभंगते. शहरांतील बहुतेक घरांतून हा प्रकार केव्हांना केव्हां पाहिला गेलेला असतो, आणि त्यामुळें कांच कापणें म्हणजे रेघ ओढून ती मोडणें, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे. परंतु तीच कांच बोटाहून जाड असली, आणि तिच्यांतून सरळ पट्टी नव्हे, तर वीतभर व्यासाची वाटोळी चकती काढावयाची असली, तर हिरकणीवाला मान हलवितो. त्याचा हा नकार आळसाचा नसतो. कांच कोठें हुकुमांत राहते आणि कोठें राहत नाहीं, हें त्याच्या हातांना पुस्तकांच्या आधीं कळलेलें असतें.

असली चकती लागते ती मुख्यतः आकाशदर्शनाची दुर्बीण स्वतःच्या हातानें करूं पाहणाऱ्या हौशी माणसाला. न्यूटननें १६६८ साली परावर्तक दुर्बीण केली, तेव्हां तिचा आरसा तांबें व कथील यांच्या मिश्र धातूचा होता. असा आरसा कालांतरानें काळवंडे, आणि काळवंडला कीं तो पुन्हा घासून आकाराला आणावा लागे. १८५७ साली पॅरिस येथें फूको यानें कांचेच्या अंतर्गोल पृष्ठावर चांदीचा अत्यंत पातळ थर बसवून दुर्बिणीचा आरसा केला, आणि तेथून पुढें धातूचे आरसे मागें पडत गेले. चांदी काळी पडली तर ती धुऊन नवी चढवावी. खालची कांच जशीच्या तशी राहते. शिवाय अशा आरशांत प्रकाश कांचेतून जातच नाहीं. तो पुढील पृष्ठावरच्या चांदीच्या, हल्लीं ॲल्युमिनियमच्या, थरावरून मागें फिरतो. कांचेचें काम तो थर नेमक्या आकारांत धरून ठेवण्यापुरतेंच असतें. म्हणून कांचेला हिरवट झांक असली, आंत एखादा बुडबुडा असला, तरी बिघडत नाहीं. दुकानाच्या दर्शनी खिडकीची, जुन्या मेजावरची किंवा जहाजाच्या गवाक्षाची जाड कांच या कामाला चालते, आणि गरिबाच्या दुर्बिणीची सारी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

ही आशा प्रथम मोठ्या प्रमाणावर फळाला आली ती अमेरिकेंत. व्हरमाँट राज्यांतील स्प्रिंगफील्ड हें गांव त्या काळीं यंत्रकामाबद्दल प्रसिद्ध होतें. तेथें रसेल पोर्टर नांवाचा एक गृहस्थ राहत असे. तो वास्तुविद्या शिकलेला, चित्रकलेंत निपुण, आणि तारुण्यांत उत्तर ध्रुवाकडील मोहिमांतून हिंडलेला होता. १९२० साली त्यानें गांवांतील कामगार मंडळींचा एक लहान वर्ग भरविला; पंधरा पुरुष आणि एक स्त्री असा तो मेळा होता. ज्याचा त्यानें आरसा घासावा, ज्याची त्यानें दुर्बीण उभारावी, एवढाच अभ्यासक्रम. १९२३ साली या मंडळींनीं आपली संस्था स्थापन केली आणि गांवाबाहेरच्या टेकडीवर ‘स्टेलाफेन’ नांवाची वास्तु बांधली. १९२५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या संपादकवर्गांतील आल्बर्ट इंगॉल्स यानें तेथें जाऊन आल्यावर जो लेख लिहिला, त्यानें देशभर एक वेडच पसरलें. कारकून, शिक्षक, डॉक्टर, गवंडी असे नाना प्रकारचे लोक तळघरांत कांचा घासूं लागले. तयार चकत्या विकणारेही लवकरच निघाले. परंतु ज्याला त्या परवडत नसत, त्याला जाड कांचेचा चौकोनी तुकडा आणून त्यांतून चकती काढण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

चकती वाटोळीच कां हवी, असा प्रश्न येथें साहजिक आहे. आरसा घासण्याची रीत मोठी मौजेची आहे. दोन कांचा एकीवर एक ठेवून त्यांच्यामध्यें कुरुंदासारखी कठीण पूड पाण्यांत कालवून घालावयाची, वरची कांच पुढेंमागें ढकलावयाची, आणि ढकलतां ढकलतां ती कांचही थोडथोडी फिरवावयाची व स्वतःही मेजाभोंवतीं फिरत राहावयाचें. एवढ्यानें वरची कांच आपोआप खोलगट व खालची फुगीर होत जाते. पाट्यावर वर्षानुवर्षें वरवंटा फिरून पाटा मध्यें खोल होतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं वरवंटा एकाच दिशेनें येरझारा घालतो, म्हणून पाट्याचा खळगा नावेसारखा लांबट होतो. येथें सर्व दिशांनीं सारखें घासलें गेल्यामुळें खळगा गोलाचा अचूक तुकडा बनतो. सर्व दिशांनीं सारखेपणा हाच या रीतीचा प्राण आहे, आणि चौकोनी कांचेचे कोपरे तोच बिघडवितात. कोपरा बाहेर झुकला कीं दाब बदलतो, कांठ खचतो. शिवाय रात्रीच्या गारव्यांत कोपरे मध्यभागाच्या आधीं निवतात. आरशाचें पृष्ठ इच्छित आकारापासून प्रकाशलहरीच्या आठव्या हिश्शाहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें १४,००० व्या भागाहून, अधिक ढळतां कामा नये असा दंडक आहे. जेथें तळहाताच्या उबेनें आलेला फुगवटाही परीक्षेंत दिसतो, तेथें चार कोपऱ्यांचा उपद्रव कोण सोसणार?

जाडीचेंही कारण असेंच आहे. पातळ कांच स्वतःच्या भारानें वांकते. म्हणून जाडी व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी असावी असा जुना नियम आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या आरशाला २५ मिलिमीटर जाडी. हल्लीं आरशाला पाठीमागून अनेक ठिकाणीं आधार देऊन याहून बऱ्याच पातळ कांचा वापरल्या जातात, तथापि पहिल्या प्रयत्नाला जुना नियमच बरा.

आतां हिरकणीवाल्याच्या नकाराकडे वळावें. कांच दाबाला फार चिवट आणि ताणाला फार दुबळी आहे. धातूला ताण बसला तर तो थोडा वांकतो, ओढला जातो आणि ताण आजूबाजूला वांटला जातो; कांचेला ही सवलत नाहीं. तिच्या पृष्ठावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात, आणि त्यांच्या टोंकाशीं ताण अनेक पटींनीं सांचतो. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२१ साली ही गोष्ट गणितानें व प्रयोगानें दाखवून दिली. हिरकणीची रेघ म्हणजे मुद्दाम पाडलेला असाच एक ओरखडा. कारागीर कांच वांकवितो तेव्हां त्या रेघेच्या तळाशीं ताण एकवटतो आणि चीर खालीं धांवते. पातळ तावदानांत तिला दोन-तीन मिलिमीटर जावयाचें असतें. ती भरकटण्यापूर्वींच पलीकडे पोंचते. जाड कांचेत तिचा मार्ग लांब असतो आणि तेवढ्या मार्गांत ताणाची दिशा जराही तिरपी झाली कीं चीर तिकडे वळते. त्यांतून रेघ वर्तुळाकार असली म्हणजे बाहेरची कांच आंतल्या चकतीला सर्व बाजूंनीं कवटाळून बसलेली असते. ती सोडविण्यासाठीं बाहेरच्या बाजूला कांठापर्यंत आरे पाडून एकेक तुकडा ठोकून काढावा लागतो. मुरलेले कारागीर हेंही करतात. नवशिक्यानें केलें तर हातीं बहुधा अर्धचंद्र येतो.

बाटलीभोंवतीं रॉकेलांत भिजवलेला दोरा पेटवून ती गार पाण्यांत बुडवावयाची, म्हणजे ती दोऱ्यावर तुटते, ही युक्ति पुष्कळ घरांतील मुलांना ठाऊक असते. कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडला कीं ती तडकते, त्याचेंच हें शिस्तीचें रूप. गार झालेला भाग आकसूं पाहतो, शेजारचा तापलेला भाग त्याला आकसूं देत नाहीं, आणि ताणाखालीं कांच फाटते. पातळ बाटलीला हें साधतें. जाड कांचेचे बाहेर तापलेले व आंत थंड राहिलेले थर एकमेकांशीं भांडूं लागतात आणि चीर कोठून निघेल याचा नेम राहत नाहीं. ही युक्ति चकतीसाठीं करून पाहूं नये, हेंच उत्तम.

तेव्हां मोडण्याचा मार्ग सोडून झिजविण्याचा मार्ग धरावा लागतो. कांचेला चीर पाडावयाचीच नाहीं. हव्या त्या वर्तुळावर एक अरुंद चर कणाकणानें खोदीत जावयाचें. ही विद्या फार जुनी आहे. ईजिप्तमधील प्राचीन कारागीर तांब्याची नळी वाळूवर फिरवून कठीण पाषाणांत भोंक पाडीत, आणि नळीच्या पोकळींत राहिलेला दगडाचा दांडा नंतर मोडून काढीत. मऊ तांबें कठीण दगडाला कसें कापतें, याचें उत्तर असें, कीं तांबें कापीतच नाहीं. तें फक्त वाळूला दाबून फिरवितें. कापते ती वाळू. कांचेच्या बाबतींत तांब्याच्या नळीऐवजीं लोखंडी पत्र्याचा गोल डबा आणि वाळूऐवजीं कार्बोरंडमची पूड घ्यावयाची. कार्बोरंडम म्हणजे सिलिकन व कार्बन यांचें संयुग. अमेरिकेंत ॲचिसन यानें १८९१ साली विजेच्या भट्टींत तें प्रथम तयार केलें. कठीणपणांत हिऱ्याच्या खालोखाल बसणाऱ्या मोजक्या पदार्थांत त्याची गणना होते, आणि कांच त्याच्यापुढें अगदीं मऊ ठरते. त्याचे कण पत्रा व कांच यांच्यामध्यें लोळतात, आणि प्रत्येक कण लोळतांना शिंपलीच्या आकाराची एक सूक्ष्म कपची उडवितो.

काम किती आहे, याचा हिशेब आधीं केलेला बरा. चकती १५ सेंटिमीटर व्यासाची, कांच २५ मिलिमीटर जाड, आणि चराची रुंदी दोन मिलिमीटर धरली, तर सुमारें २४ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ६० ग्रॅम कांचेचें पीठ करावें लागतें. आश्चर्याची गोष्ट ही कीं, नंतर त्याच चकतीला दुर्बिणीच्या आरशाला साजेल एवढा खळगा पाडण्यासाठीं, नाभीय अंतर व्यासाच्या आठपट धरल्यास, जेमतेम २६ ग्रॅम कांच झिजवावी लागते. ज्याला लोक पूर्वतयारी समजतात, ती वजनानें मुख्य कामाच्या दुपटीहून अधिक भरते! अर्थात् मुख्य काम जिकिरीचें असतें तें ग्रॅमांत नव्हे.

कांच निवडतांना एक पथ्य कसोशीनें पाळावें लागतें. हल्लीं मेजांवर, दारांवर व मोटारींच्या बाजूंना जी कांच बसवितात, ती पुष्कळदां कडक केलेली असते. ती तापवून वाऱ्याच्या झोतांनीं एकाएकीं निवविलेली असल्यामुळें तिचीं बाहेरचीं पृष्ठें दाबाखालीं आणि आंतला गाभा ताणाखालीं कायमचा अडकलेला असतो. दाबलेलें पृष्ठ खोदून ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोंचलें, कीं सारी कांच एका क्षणांत खड्यांएवढे तुकडे होऊन कोसळते. अशी कांच कोणत्याही रीतीनें कापतां येत नाहीं, घरींही नाहीं आणि कारखान्यांतही नाहीं. तिच्या कोपऱ्यांत बहुधा एक छापील खूण असते. पण खूण नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये. संगणकाचा पडदा पांढरा करून त्याच्यापुढें कांच धरावी आणि ध्रुवित कांचांच्या उन्हाच्या चष्म्यांतून पाहावें. चष्मा फिरवून पडदा काळा दिसूं लागला कीं निर्दोष कांच जवळजवळ काळीच राहते, आणि ताण असलेल्या कांचेत उजळ पट्टे किंवा ठिपके उमटतात. साध्या जाड कांचेतही थोडाफार ताण राहिलेला असूं शकतो, कारण जाड कांच फार सावकाश निववावी लागते. पालोमार पर्वतावरील दुर्बिणीसाठीं १९३४ साली ओतलेली २०० इंच व्यासाची चकती निवण्यास दहा महिने लागले होते. ज्या कांचेत पट्टे ठळक दिसतात ती चकतीसाठीं घेऊं नये. चर अर्ध्यावर आला असतां ती आपण होऊन फाटण्याचा संभव असतो.

आतां हत्यार. एक ते दीड मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची पट्टी वळवून तिचें कडें करावें आणि तें लांकडाच्या जाड गोल ठोकळ्यावर खिळ्यांनीं पक्कें बसवावें. पट्टीचा खालचा कांठ ठोकळ्याच्या खालीं निदान चार सेंटिमीटर लोंबता राहिला पाहिजे. योग्य मापाची लोखंडी नळी मिळाली तर दुधांत साखर. बिस्किटांचा डबाही चालल्याचीं उदाहरणें आहेत, पण त्याचा पत्रा इतका पातळ असतो कीं तो दमतो लवकर आणि चेपतोही. कड्याचा आंतला व्यास चकतीच्या इच्छित व्यासाहून तीन-चार मिलिमीटर मोठा ठेवावा, कारण पूड कड्याच्या आंतल्या अंगालाही शिरते आणि चकतीची कडा खात राहते. चकतीचा वरचा भाग या घर्षणांत अधिक वेळ सांपडतो. त्यामुळें बाहेर आलेली चकती वरून किंचित् लहान व खालून मोठी, अशी निमुळती असते. कड्याच्या खालच्या कांठाला तीन-चार ठिकाणीं करवतीनें खांचा पाडाव्यात. दांतांनीं कांच कापावी हा त्यांचा उद्देश नसून, ओली पूड त्यांतून कांठाखालीं शिरावी यासाठीं त्या असतात.

हें कडें फिरवावयाचें कसें? घरीं उभें छिद्रयंत्र असेल तर प्रश्नच नाहीं. मात्र त्याची गति मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांवर आणली पाहिजे. या गतीनें १५ सेंटिमीटरच्या कड्याचा कांठ सेकंदाला सुमारें अर्धा मीटर धांवतो, आणि तेवढें पुरे आहे. त्याहून वेग वाढविला तर काम वाढण्याऐवजीं पूड बाहेर भिरकावली जाते आणि कोरडा कांठ कांचेला तापवितो. यंत्र नसेल तेथें ठोकळ्याच्या मध्यांतून एक उभा दांडा काढून तो वरच्या आडव्या फळींतील भोंकांत अडकवावा आणि ताक घुसळण्याच्या रवीप्रमाणें दोरीनें मागेंपुढें फिरवावा. कण लोळण्याशीं कारण. कडें एकाच दिशेनें फिरतें कीं उलटसुलट, याची कांचेला क्षिति नाहीं. दोन माणसें असलीं तर हें काम फारसें कंटाळवाणेंही होत नाहीं. पहिल्या मिलिमीटरभर चर पडेपर्यंत कडें इकडेतिकडे सरकूं पाहतें. म्हणून त्याच्या बाहेरच्या मापाचें भोंक पाडलेली फळी कांचेवर घट्ट बसवून तिच्या आधारानें आरंभ करावा आणि चर स्थिर होतांच ती काढून घ्यावी.

कांचेखालीं दुसरी एक टाकाऊ कांच चिकटविणें हा या सर्व खटाटोपांतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि घाईचा माणूस नेमका तोच गाळतो. चर तळाशीं पोंचतां पोंचतां उरलेला पातळ थर कड्याचा दाब सोसूं शकत नाहीं. तो खालीं ढासळतो आणि जातांना चकतीच्या खालच्या कांठाच्या मोठमोठ्या कपच्या घेऊन जातो; कधीं कपची इतकी आंत शिरते कीं दोन-तीन संध्याकाळची मेहनत व्यर्थ जाते. खालीं दुसरी कांच एकजीव चिकटलेली असली म्हणजे त्या शेवटच्या थराला आधार मिळतो, आणि कडें सरळ खालच्या कांचेत उतरतें. चिकटविण्यासाठीं राळ व मेण एकत्र वितळवून वापरावें. दोन्ही कांचा मात्र आधीं हळूहळू कोमट केल्या पाहिजेत. थंड कांचेवर उकळती राळ ओतणें म्हणजे कंदिलाच्या चिमणीचाच प्रयोग उलट दिशेनें करणें. आपल्याकडील उन्हाळ्यांत गच्चीवरचें दुपारचें ऊन या कामाला विस्तवापेक्षां बरें. कांचांमध्यें हवेचा बुडबुडा राहिला तर तेथें आधार नाहीं, हें लक्षांत ठेवावें. दुसरी रीत अशी कीं अर्धा चर एका बाजूनें खोदावा, मग कांच उलटून उरलेला दुसऱ्या बाजूनें. तीही चांगली, पण दोन्ही वर्तुळांचे मध्य जुळविण्यांत केसाएवढी चूक झाली तरी चकतीच्या कडेला पायरी राहते, आणि ती मागाहून घासून काढावी लागते.

याप्रमाणें सिद्धता झाल्यावर चराच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटरवर शाडूच्या मातीचा बांध घालावा, म्हणजे पाणी व पूड वाहून जात नाहीं. कार्बोरंडमची ८० क्रमांकाची भरड पूड घ्यावी. ती चमचाभर बांधाच्या आंत घालून, पातळ पिठल्याइतकी सैल होईल एवढेंच पाणी मिसळावें. मग कडें फिरवावयाचें आणि दर आठ-दहा फेऱ्यांनीं तें किंचित् उचलावयाचें. उचलण्यांत सारें रहस्य आहे. कडें सतत दाबून धरलें तर कांठाखालचे कण चुरडून जातात, नवे आंत शिरत नाहींत, आणि लोखंड कांचेवर नुसतें घसरतें. कान येथें डोळ्यांहून अधिक उपयोगी पडतात. ताजी पूड असतांना खरखरीत, जोरकस आवाज येतो. कण बारीक झाले कीं तो मऊ, फुसफुसणारा होतो. आवाज मऊ झाला कीं पूड घालावी. दाब हाताच्या नुसत्या भाराइतका असावा. जोर केल्यानें चर लवकर पडत नाहीं, फक्त कडें वांकडें उतरतें.

यंत्रावर हें काम कांहीं तासांचें आहे. हातानें दोन-तीन संध्याकाळ तरी मोडतात. लोखंडही झिजतें, म्हणून कडें आरंभींच पुरेसें उंच हवें. काम मध्येंच थांबवावयाचें असल्यास कडें चरांत तसेंच ठेवून जाऊं नये. लोखंडावर गंज चढतो, पूड दगडासारखी घट्ट बसते, आणि दुसऱ्या दिवशीं तें उपटतांना कांचेला हिसका बसतो. शेवटचे तीन-चार मिलिमीटर राहिले म्हणजे दाब निम्मा करावा. उत्साह वाढतो तो नेमका याच वेळीं, आणि फुटलेल्या चकत्यांपैकीं पुष्कळशा याच अवस्थेंत फुटलेल्या असतात.

सर्व काम ओलें ठेवण्याचें आणखी एक कारण आहे. कांचेची व कार्बोरंडमची कोरडी धूळ फुप्फुसांत जाऊं देतां कामा नये. सांडलेली पूड झाडूनें न झाडतां ओल्या फडक्यानें टिपावी. डोळ्यांना चष्मा हवा, हातांना जाड मोजे हवेत, आणि काम स्वयंपाकघरापासून दूर हवें. उरलेला गाळ मोरींत ओतूं नये, कारण तो नळाच्या वळणांत सिमेंटसारखा बसतो. आणि ज्या खोलींत पुढें आरशाला झिलई द्यावयाची, त्या खोलींत हें काम मुळींच करूं नये. ८० क्रमांकाचा एक कण चुकून झिलईच्या वेळीं सांपडला, तर त्याचा ओरखडा पुसण्यासाठीं आठवड्याचें काम पुन्हा करावें लागतें.

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षां तयार चकती घेणें शहाणपणाचें नाहीं काय? एकाच लहान आरशासाठीं, आणि विकत घेण्याची ऐपत असेल तर, निःसंशय शहाणपणाचें आहे. त्यांतून तयार मिळणारी पायरेक्स जातीची कांच उष्णतेनें साध्या कांचेच्या सुमारें तिसऱ्या हिश्शानेंच प्रसरण पावते, हा फायदा निराळाच. पुण्याच्या आयुका या संस्थेंत शिक्षकांकडून व विद्यार्थ्यांकडून आरसे घासवून घेण्याचीं शिबिरें भरलेलीं आहेत. अशा ठिकाणीं शिकणाऱ्यानें वेळ घासण्यांत घालवावा, कापण्यांत नव्हे. परंतु जाड कांचेचा मोठा तुकडा हातीं आला असेल, त्यांतून दोन-तीन चकत्या निघणार असतील, किंवा आरशाच्या मध्यभागीं भोंक पाडावयाचें असेल, तर कड्याची ही रीत येत असलेली बरी. कॅसेग्रेन पद्धतीच्या दुर्बिणींत मुख्य आरशाला मध्यें असें भोंक लागतें, आणि तें लहान कड्यानें याच रीतीनें पाडतात. तेथें मात्र चर पाठीमागून खोदून तळाशीं थोडी कांच शिल्लक ठेवतात आणि आरशाचा आकार पुरा झाल्यावरच ती भेदतात. आधींच आरपार भोंक पाडलें तर त्याच्या कांठाशीं आरशाचा आकार बिघडण्याची भीति असते. आणि सर्व कापणी शेवटीं ठेवली तर कांचेत कोंडलेला ताण सुटून आकार पालटतो.

चकती कापण्याचा प्रश्न एका माणसानें तिसऱ्याच मार्गानें सोडविला. जॉन डॉब्सन हा रसायनशास्त्राचा पदवीधर १९४४ साली सान फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठांत ब्रह्मचारी म्हणून राहिला. रामकृष्ण संघाच्या या मठांत विज्ञान व वेदान्त यांचा मेळ घालून दाखविण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलेलें होतें. विश्वाचा विचार करावयाचा तर तें पाहिलें पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें. जवळ पैसा तर नव्हता. १९५६ साली त्यानें जहाजाच्या गवाक्षाची १२ इंची जाड कांच मिळविली. ती मुळांतच वाटोळी! कापण्याचें नांवच नको. ती घासून केलेल्या आरशांतून त्यानें चंद्र पाहिला, आणि हें सर्वांनीं पाहिलें पाहिजे, या ध्यासानें तो पछाडला. पुढें साक्रामेंटोच्या मठांत असतांना तो दुर्बिणी करून शेजारपाजारच्या मुलांना देऊं लागला, रात्रीं रस्त्यावर दुर्बीण नेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला आकाश दाखवूं लागला. मठाच्या शिस्तींत हें बसेना, आणि १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. तेवीस वर्षांचा आश्रम कांचेपायीं सुटला. पुढच्याच वर्षीं त्यानें व त्याच्या तरुण सहकाऱ्यांनीं पदपथावरच्या ज्योतिर्विदांची मंडळी स्थापन केली, आणि लांकडी पेटींत बसविलेली, पुठ्ठ्याच्या नळीची त्याची साधी दुर्बीण त्याच्याच नांवानें जगभर ओळखली जाऊं लागली. जहाजें मोडण्याचा धंदा जेथें चालतो, तेथील जुन्या बाजारांत अशीं गवाक्षें अजूनही पाहावयास मिळतात. मात्र त्यांतील कांच कडक केलेली नाहीं ना, याची परीक्षा वर सांगितल्याप्रमाणें आधीं केली पाहिजे.

कड्यानें कापलेली चकती सुटून आली म्हणजे ती खालच्या कांचेसह कोमट पाण्यांत ठेवून, पाणी अगदीं हळूहळू तापवीत न्यावें. राळ मऊ झाली कीं चकती सरकवून काढतां येते. ओढून किंवा पाचर घालून काढूं नये. चिकटलेली राळ टर्पेंटाइननें निघते. मग तिच्या दोन्ही कांठांची धार ओल्या कार्बोरंडमच्या दगडानें चहूंकडून मोडून तेथें दोन मिलिमीटरचा उतार द्यावा. दगड नेहमीं पृष्ठाकडून कडेकडे, बाहेरच्या अंगाला ओढावा, नाहीं तर कपच्या उडतात. हा उतार ज्याचा राहिला त्याच्या आरशाच्या कांठाचे बारीक तुकडे पुढें घासतांना सुटतात आणि मध्यें सांपडून पृष्ठ ओरबाडतात. निमुळती कडा सरळ करावयाची असल्यास पत्र्याची पट्टी चकतीभोंवतीं गुंडाळून, तीच भरड पूड घालून मागेंपुढें ओढावी. मधून भोंक पडलेला चौकोनी तुकडा फेंकूं नये. त्याच्या कोपऱ्यांतून लहान कड्यानें आणखी चकत्या निघतात, आणि पुढें झिलईचा लेप नीट बसतो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्या फार कामास येतात.